ऊन पाण्याचे देणे

हरसूलहून वसईकडच्या आमच्या गावी जावयाचे झाले की आम्ही जव्हारची वाट धरतो. घाटाची वळणे उतरून, वाड्याची भातखाचरे मागे टाकून आमची जुनी जीप अंबाडीच्या नाक्यावर येते आणि तेथून तानसा नदीच्या आसऱ्याने वज्रेश्वरीला पोहोचते. पुढे शिरसाडचा फाटा, मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि मग घर. या प्रवासात एक गोष्ट आमच्या ध्यानी यावयास फार वर्षे लागली. वैतरणा नदी आमच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील डोंगरांत उगम पावते आणि अर्नाळ्याच्या बाजूला समुद्राला मिळते. तानसा ही तिचीच उपनदी. म्हणजे जेथे आम्ही सेवा करतो तो मुलूख आणि जेथे आम्ही जन्मलो ते गाव, ही दोन्ही एकाच पाण्याने बांधलेली आहेत. आणि त्या पाण्याच्या वाटेवर, तानसेच्या पात्रात व काठावर, जमिनीच्या पोटातून कढत पाणी वर येत असते.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही नावे आमच्या वाचकांना नवीन नाहीत. वसईतल्या जुन्या कुटुंबांत विचारून पाहावे. कुणाची ना कुणाची आजी, थंडीच्या दिवसांत बरोबरीच्या बायकांसह, डबा बांधून 'ऊन पाण्यात बसायला' गेलेली असते. सांधे धरलेले, पाठ आखडलेली, अशी मंडळी कुंडात उतरत, अर्धा तास बसत आणि संध्याकाळी हलक्या अंगाने घरी परतत. कुणी त्याला औषध म्हणे, कुणी विश्रांती म्हणे. गळ्यातील क्रूस मात्र गळ्यातच असे.

आमच्या आईने हे सुख एकदा मागितले होते, आणि आम्ही ते तिला मिळू दिले नाही. आजचा लेख त्या कबुलीतून सुरू होतो.

गोष्ट १९९८ सालची आहे. आम्हांस गुरुदीक्षा मिळून दोनच वर्षे झाली होती. आईचे सारे आयुष्य वाडीत गेले. केळीच्या बुंध्याला पाणी देताना, भाजीच्या वाफ्यात निंदणी करताना तिचे पाय वर्षानुवर्षे ओल्यात राहिले. पन्नाशी उलटताच गुडघ्यांनी दावा धरला. सुटीत आम्ही घरी गेलो होतो. पडवीत वाल सोलत बसलेली आई वर न पाहताच म्हणाली, "पुढल्या आठवड्यात आळीतल्या बायका वज्रेश्वरीला जाताहेत, ऊन पाण्यात बसायला. मी जाऊ का रे?"

आजही त्या वाक्यातील 'जाऊ का' आम्हांस टोचते. ज्या बाईने आम्हांस चालावयास शिकविले, ती आमची परवानगी मागत होती. कारण आता आम्ही तिचे पुत्र तर होतोच, पण 'फादर'ही होतो. आम्ही काय केले? तिला एक लहानसे प्रवचन दिले. तेथे देवीचे मंदिर आहे, कुंडांना देवादिकांची नावे आहेत, दैत्यांच्या रक्ताने ते पाणी तापले अशी कथा लोक सांगतात. फादरची आई तेथे स्नानाला गेली तर धर्मग्रामात काय बोलले जाईल, असे आम्ही तिला समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. "बरं," म्हणाली आणि पुन्हा वाल सोलू लागली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. २००३ साली ती देवाघरी गेली.

वाचकहो, यात विसंगती अशी की सेमिनरीत असताना ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या परीक्षेत आम्ही याच विषयावर उत्तम उत्तर लिहिले होते! इ. स. ६०१ मध्ये संत ग्रेगरी महान यांनी ब्रिटनकडे निघालेल्या मेलितुस या मठाधिपतीला पत्र पाठविले. तेथील लोकांची देवस्थाने पाडू नयेत, ती पवित्र पाणी शिंपडून सत्य देवाच्या उपासनेसाठी वापरावीत, म्हणजे ओळखीच्या जागी येताना लोकांची मने बिचकणार नाहीत, असा त्या पत्राचा आशय आहे. संत बीड यांनी ते आपल्या इतिहासग्रंथात जतन करून ठेवले. कागदावर आम्हांस हे पाठ होते. पडवीत मात्र त्यातील एक अक्षरही आठवले नाही.

पुढे उच्च शिक्षणासाठी आमचे रोमला जाणे झाले. तेथे शिकणाऱ्या धर्मगुरूंना उन्हाळ्याच्या सुटीत इंग्लंडमधील धर्मग्रामांत बदली म्हणून काम करण्याची संधी मिळते. २००७ सालच्या उन्हाळ्यात आम्ही असेच त्या देशाच्या पश्चिम भागात होतो. एके दिवशी तेथील एक वृद्ध धर्मग्रामस्थ आम्हांस 'बाथ' नावाचे गाव दाखविण्यास घेऊन गेले. नावातच स्नान आहे. रोमन लोक त्याला 'अक्वे सुलिस' म्हणत, म्हणजे सुलिस देवीचे पाणी.

सुलिस ही मूळची त्या भूमीतील लोकांची देवी. रोमन आले, त्यांनी तिच्यात आपली मिनर्व्हा पाहिली आणि दोघींना एकत्र करून 'सुलिस मिनर्व्हा' असे नाव दिले. इ. स. ६० ते ७० च्या सुमारास त्यांनी तो उफाळता झरा बांधून काढण्यास प्रारंभ केला. चिखलात ओकच्या लाकडाचे खांब ठोकले, भोवती दगडी हौद बांधला, त्याला आतून शिशाचे पत्रे मढविले. शेजारी देवालय आणि स्नानगृहे उभी राहिली. मोठ्या स्नानकुंडाच्या तळाला बसविलेले शिशाचे पत्रे आजही पाणी धरून आहेत. झऱ्यातून दररोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी वर येते आणि त्याचे तापमान ४६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हिरवट पाण्यावर वाफेचा पडदा हलत होता. आम्हांस एकाएकी अकलोलीची आठवण झाली.

हे सगळे शतकानुशतके मातीखाली होते. रोमन सत्ता पाचव्या शतकाच्या आरंभी गेली, छपरे कोसळली, गाळ साचला. १७२७ साली गटारासाठी खणताना मजुरांना देवीच्या मूर्तीचे सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझचे मस्तक सापडले. १७९० मध्ये देवालयाच्या दर्शनी भागाचे कोरीव दगड निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेजर डेव्हिस यांनी मोठे स्नानकुंड मोकळे केले. आणि १९७९-८० मध्ये बॅरी कनलिफ यांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष झऱ्याच्या गाळात उत्खनन झाले. त्याला एक दुःखद निमित्त होते: १९७८ साली तेथील पाण्यात पोहलेली एक मुलगी पाण्यातील सूक्ष्म अमीबाच्या संसर्गाने दगावली आणि जुन्या कुंडांतील स्नान कायमचे बंद झाले. कुंडे मोकळी राहिली, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तळाशी उतरता आले.

तळाशी काय होते? १२ हजारांहून अधिक नाणी आणि शिशाच्या व कथलासारख्या धातूंच्या मिश्रणाचे, गुंडाळी केलेले सुमारे १३० पातळ पत्रे. पत्र्यांवर टोकदार साधनाने लॅटिनमध्ये मजकूर कोरलेला. ऑक्सफर्डचे विद्वान रॉजर टॉमलिन यांनी ते वाचले. राजाज्ञा नव्हत्या, स्तोत्रेही नव्हती. त्या बहुतांशी साध्या माणसांच्या तक्रारी होत्या. कुणाचे हातमोजे चोरीला गेले होते, कुणाचा अंगरखा, कुणाचे भांडे. चोराला शासन कर आणि माझी वस्तू मला परत मिळवून दे, असे गाऱ्हाणे लिहून लोक पत्रा झऱ्यात टाकीत. देवालयाची शिखरे पडली, देवीचे मस्तक धडावेगळे झाले. टिकली ती गरिबांची गाऱ्हाणी. आमच्या मंदिरांतील विनंतीपेटीत पडणाऱ्या चिठ्ठ्या आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्यामुळे ते पत्रे पाहताना परके असे काही वाटले नाही.

त्यांतील एका पत्र्यापाशी मात्र आमचे पाय थबकले. तो चौथ्या शतकातील आहे. आन्नियानुस नावाच्या माणसाची रुप्याची सहा नाणी थैलीतून चोरीला गेली. त्याने देवीला सांगितले आहे की चोर पुरुष असो वा स्त्री, मुलगा असो वा मुलगी, दास असो वा स्वतंत्र, तू त्याच्याकडून वसूल कर. आणि या जोड्यांच्या अगोदर पहिली जोडी आहे ती अशी: तो परधर्मीय असो वा ख्रिस्ती. ब्रिटनच्या भूमीत सापडलेल्या लिखाणांतील 'ख्रिस्ती' या शब्दाच्या अत्यंत जुन्या उल्लेखांपैकी हा एक होय.

आमच्या सोबतीचे वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, "फादर, आपला उल्लेख आला आहे तो संशयित चोर म्हणून!" आम्हीही हसलो. पण ते हसू फार वेळ टिकले नाही. ख्रिस्ती माणूस त्या कुंडावर येत होता, शेजाऱ्यांच्या बरोबरीने कपडे उतरवून त्याच ऊन पाण्यात बसत होता, हे आन्नियानुसने गृहीत धरले होते. चौथ्या शतकातील त्या ख्रिस्ती मंडळींना जे सहज जमले, ते विसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या आईला आम्ही जमू दिले नाही. आणि चोरीचे म्हणाल, तर सहा नाणी ती काय? आम्ही एका दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईचे ऊन पाणी चोरले होते. त्या पत्र्यावरील ख्रिस्ती चोर आम्हीच आहोत, असे त्या काचेच्या पेटीसमोर उभे असताना आम्हांस वाटले.

त्याच गावात आणखी एक गोष्ट कळली. बाराव्या शतकात, रोमन हौदाच्या उरलेल्या भिंतींवरच, 'किंग्ज बाथ' नावाचे नवे कुंड बांधले गेले. ते महामंदिराच्या शेजारीच होते. आणि ११७४ च्या सुमारास तेथील महागुरुस्वामी रेजिनाल्ड यांनी या कुंडांजवळ, स्नानासाठी येणाऱ्या गरीब आजाऱ्यांकरिता संत योहानाच्या नावाने रुग्णालय स्थापिले. ते सेवाकार्य आजही वृद्धांच्या निवासाच्या रूपाने चालू आहे. खाली कुणाची देवी होती हे त्या महागुरुस्वामींना ठाऊक असो वा नसो, वर कोण आले आहे हे त्यांना दिसत होते. आले होते आजारी लोक.

योहानकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील बेथेस्दाचे तळे वाचकांना आठवत असेल. त्या तळ्याला पाच पडव्या होत्या असे योहान सांगतो, आणि हा तपशील काही अभ्यासकांना काल्पनिक वाटे. परंतु यरुशलेममध्ये संत अन्नाच्या मंदिराशेजारी झालेल्या उत्खननांत जोडतळे सापडले. चार बाजूंना चार पडव्या आणि दोन तळ्यांमधल्या बांधावर पाचवी, असा हिशेब जुळला. तेथे ३८ वर्षे पडून असलेल्या माणसाची तक्रार काय होती? आपल्याला पाण्यात उतरवणारे कुणी नाही, ही. प्रभू येशूने त्याला त्या पाण्यापाशी का आलास, असे विचारले नाही. बरे व्हावयाचे आहे का, एवढेच विचारले. आमच्या आईला तर पाण्यात उतरवणारा पुत्र होता, आणि तोच वाट अडवून उभा राहिला.

परत आल्यावर आम्ही वज्रेश्वरीकडे नव्या डोळ्यांनी पाहू लागलो. कढत पाण्याचे झरे कोकणपट्टीत एका लांबलचक ओळीने आढळतात. पालघर-ठाण्याकडील हे झरे, रायगडात पालीजवळचे उन्हेरे, रत्नागिरीतील उन्हवरे, तुरळ, राजवाडी. 'ऊन' हा शब्द काही गावांच्या नावांतच मुरला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून आमचा हा काळा दगड बनला, तरी आजचे पाणी त्या ज्वालामुखीने तापत नाही. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोल उतरते. खोलीबरोबर पृथ्वीच्या पोटातील उष्णता वाढत जाते. तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. बाथ येथेही हेच घडते. दैत्याचे रक्त ही माणसाने त्या नवलाला दिलेली कथा आहे. ती ऐकून आता आम्हांस भय वाटत नाही.

वज्रेश्वरीच्या टेकडीवरील मंदिराचा इतिहास तर आम्हां वसईकरांशी थेट भिडलेला आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला होता आणि मे १७३९ मध्ये किल्ला सर झाल्यावर मंदिर बांधविले, असे परंपरा सांगते. म्हणून त्याचे बाह्य रूपही किल्ल्यासारखे, तटबंदीचे आहे. देवीचे मूळ स्थान गुंज येथे होते व पोर्तुगीज काळात ते उद्ध्वस्त झाले, असेही तेथील लोक सांगतात. आमच्या बाजूच्या लोकांनी दुसऱ्यांची पवित्र स्थाने मोडली, हे आम्ही मान खाली घालूनच ऐकावे. आमचीही मंदिरे त्या धामधुमीत ओस पडली. वसईच्या किल्ल्यातील भग्न भिंती त्याची साक्ष देतात. तरीही १७३९ च्या शरणागतीच्या तहात, मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपली उपासना चालू ठेवता येईल, अशी तरतूद होती. पोर्तुगीज जहाजांत बसून गेले. आमचे पूर्वज वाड्यांत राहिले. त्यांच्या लेकीसुना ज्या कुंडांत बसावयास जाऊ लागल्या, ती त्या नवसाच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर होती. लढाई राजांची होती. गुडघे सर्वांचेच दुखत होते.

या वाटेचे वय त्याहूनही फार मोठे आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्याचा आणि डहाणूकेसह काही नद्यांवर विनामूल्य होड्यांची सोय केल्याचा उल्लेख आहे. गोवर्धन हे नाशिकजवळचे, आणि शूर्पारक म्हणजे आमचे नाला-सोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उत्खनिला, तेव्हा या बंदराचे मोठेपण नव्याने उजेडात आले. पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकातही सोपाऱ्याचे नाव आहे. एका बाजूला रोममध्ये संत पेत्र व संत पौल यांचे रक्त सांडत होते, दुसऱ्या बाजूला रोमन गवंडी बाथचा झरा बांधीत होते, आणि त्याच सुमारास रोमन साम्राज्यातील जहाजे आमच्या किनाऱ्याची वाट ओळखू लागली होती. जग तेव्हाही आम्ही समजतो तितके तुटक नव्हते. उषवदाताने होडीत बसणाऱ्याचा पंथ विचारल्याचे लेखात नाही.

आता हरसूलकडे वळू. आमच्या भागात पाऊस अमाप पडतो आणि तरीही वैशाखात बायकांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पावसाळ्यात त्याच बायका कमरेत वाकून, चिखलात पाय रोवून भात लावतात. पाड्यांवरच्या आज्यांचे गुडघे आमच्या आईच्या गुडघ्यांसारखेच दिसतात. गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही चौघींना जीपमध्ये बसविले आणि अकलोलीला नेले. डॉक्टरांना आधी विचारले होते. ज्यांना हृदयाचा विकार वा जखमा होत्या त्यांना नेले नाही. नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नका, हेही बजावले. बाथची ती मुलगी आमच्या स्मरणात होती.

कुंडाच्या पायरीवर एक आजी थांबल्या. वर टेकडीकडे पाहत म्हणाल्या, "फादर, इथं आधी देवळात जावं लागतं का?"

"नाही आजी," आम्ही म्हणालो, "इथं पाण्यात जावं लागतं."

त्या खाली बसल्या. पाणी गुडघ्यांवर आले तसे त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या तोंडून एक दीर्घ 'हाऽऽ' निघाला. शेजारी एक गुजराती बाई बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा करून दिली. पलीकडे वसईच्या बाजूचे एक जोडपे होते, आजोबांच्या गळ्यात झिजलेला क्रूस. आम्ही काठावर पाय सोडून बसलो होतो. कुंडात पाचव्या बाईची जागा मोकळीच होती, असे उगाच वाटत राहिले.

त्या स्नानाने कुणाचे गुडघे बरे झाले, असा दावा आम्ही करणार नाही. परतीच्या वाटेवर चौघीही झोपल्या होत्या, एवढे सांगू शकतो.

आपल्या मराठी भाषेने बाप्तिस्म्याला 'स्नानसंस्कार' असे सुंदर नाव दिले आहे. हरसूलची थंडी वसईकरांना ठाऊक नसते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे पाणी हाताला झोंबते. पूर्वी आम्ही त्याच गार पाण्याने बालकांना स्नानसंस्कार देत असू. बाळ किंचाळे, आई कासावीस होई आणि आम्ही विधी पुरा करीत असू. हवामानाची गरज असेल तर पाणी आधी कोमट करावे, असे विधीच्या प्रस्तावनेतच सांगितलेले आहे. तेही आम्ही कितीदा तरी वाचले होते. हल्ली थंडीत स्नानसंस्कार असला की चुलीवर पातेले ठेवतो, कोपर बुडवून पाहतो आणि मगच पाणी विधीच्या पात्रात ओततो. आईही आम्हांस न्हाऊ घालताना असेच कोपराने पाणी पाहत असे.